तोमेच्या आजोबांची पाणचक्की

...चीजचं मग सांगते, ते काही पळून जात नाही. आधी तोमेचं लिहून घे. बसथांब्यावर काठी टेकून उभा असतो ना, तोच. त्याच्या तोंडून ऐकलंस तर तुला वाटेल, प्लित्वित्सेची सगळी तळी यानंच खणली आणि धबधबेही यानंच सोडले.

उन्हाळा लागला की हा थांब्यावर हजर. परदेशी माणसं बसमधनं उतरली रे उतरली की हा त्यांच्या पुढ्यात. चार जर्मन शब्द, बाकी सगळी काठी. "आधी वरची तळी करा. मग नावेत बसा. मग खालचा मोठा धबधबा. उलटं गेलात तर दम लागेल." ती बिचारी माना डोलावतात, आभार मानतात. मी शेजारीच चीज आणि सफरचंद भरलेलं स्ट्रुडेल घेऊन बसलेली असते, सगळं ऐकत. एकदा तरी कुणी विचारावं, की आजोबा, तुम्ही शेवटचे कधी गेला होता? मेल्याची बोबडी वळली असती. कारण तोमे तिथं जन्मात गेला नव्हता.

खरंच सांगते. बसनं अर्धा तास लागत नाही. पण लहानपणी बापानं गुरांमागं ठेवला, आणि मोठा झाला तोवर तिथं तिकीट लागलं. मग याचं एकच पालुपद. "तिथं माझ्या आजोबांची पाणचक्की होती. आमच्याच पाण्याला आम्ही पैसे द्यायचे?" मी लहानपणी आईबरोबर त्याच धबधब्याखाली घोंगड्या धुतल्यात. मला काही याच्या आजोबांची चक्की दिसली नव्हती. पण म्हटलं, असेल बाई वरच्या अंगाला. भांडायचं कुणी याच्याशी.

यानं स्वतः जाऊ नये, कोण रडतंय. पण घरात बायको आहे ना.

लुत्सेला तू ओळखतेस, माझ्या शेजारची, हळू बोलते ती. ती इकडची नाही, पाग बेटावरची. तिथं नुसता दगड, मीठ आणि मेंढ्या. पावसाचं पाणी दगडी टाकीत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. तोंड धुतलेल्या पाण्यानं भांडी, भांडी धुतलेलं पाणी गाढवाला. तोमे तरुणपणी तिथल्या मिठागरात कामाला गेला होता. लुत्सेनं त्याला अर्धा कप पाणी प्यायला दिलं. हा तिच्या अंगणात उभा राहून म्हणतो, "आमच्याकडं रात्रंदिवस पाणी पडतं, आणि त्याला कुणी अडवत नाही. माझ्याबरोबर ये, तुला पाण्याखाली राणीसारखी बसवतो." झालं. पोरगी पाण्याला भुलून आली. नवऱ्याकडं नीट बघितलं असतं तर होडीत चढली नसती.

आल्यावर काय? दर उन्हाळ्यात तोमेचा बेत ठरलेला. फुकट ते पौष्टिक, म्हणून बेत सगळे फुकट शिरायचे. एका वर्षी म्हणाला, खांद्यावर फळी घेऊन, वाटेच्या फळ्या बदलणाऱ्या कामगारांबरोबर आत जाऊ, बायको खिळ्यांचा डबा धरेल. एका वर्षी पाद्रीबुवांच्या यात्रेत घुसायचं होतं. दोन महिने देवळात पहिल्या बाकावर बसला, आणि यात्रा निघाली भलत्याच गावाला. मग यंदा पाणी कमी आहे, यंदा गर्दी फार आहे, यंदा गाय व्यायलीय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मी लुत्सेला किती वेळा म्हटलं, चल माझ्याबरोबर, तिकिटाचं मी बघते. ती म्हणायची, "नको पेर्कावहिनी. त्यांनी मला शब्द दिलाय. त्यांना अपमान वाटेल." ज्याला मान नाही त्याचा अपमान कसा होतो, मला काही कळत नाही.

पण या बाईनं एक घोळ करून ठेवला होता. तिची थोरली बहीण दिन्का तिकडं बेटावरच असते. तिला ही टेलिफोनवर सांगायची, की मी रविवारी प्रार्थना झाली की तळ्यांवर जाते, पाण्याखाली बसते, फार सुखात आहे. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून. आणि त्या उन्हाळ्यात दिन्काचा निरोप आला: मारियामातेचा मोठा सण झाला की येते, मला तुझं पाणी बघायचंय.

लुत्से माझ्याकडं आली, डोक्याच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत बसली. म्हणाली, "वहिनी, ताईला कळलं की मी इतकी वर्षं खोटं बोलले, तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

मी तोमेकडं गेले. म्हटलं, "अरे, आता तरी तिकीट काढ. म्हातारी बोटीनं येतेय."

हा म्हणाला, "काळजी करू नका वहिनी. बेत तयार आहे." आणि काठीनं मातीत रेघा ओढायला लागला. जंगलातनं आजोबांची पायवाट जाते, ती थेट चक्कीवर निघते, चक्की धबधब्यापाशी, म्हणजे आपण मागच्या दारानं आत. असा एकेक अकलेचा तारा. मी म्हटलं मीही येते. याच्या भरवशावर दोन बायका जंगलात सोडणं माझ्यानं झालं नसतं.

दिन्का आली. काळे कपडे, चकचकीत काळे बूट, सोबत मेंढीच्या दुधाचं चीज. माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण ते तू लिहू नकोस. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी उकडलेले बटाटे, गार मटण आणि ब्रेड बांधून घेतला होता. तोमेनं त्याची गंजकी गाडी लाकूडकापीच्या तळावर उभी केली, वर कॉलर ताठ करून पुढं. रक्याची, म्हणजे घरच्या दारूची, बाटली खिशात.

चाललो. चढलो, उतरलो. काटे, अंगाची आग करणारं नेटल, पडलेली झाडं. दर थोड्या वेळानं हा हात वर करी. "थांबा. आता आवाज येईल पाण्याचा." आम्ही थांबायचो. मधमाशी ऐकू यायची. लुत्से सगळ्यात मागं चालत होती, बहिणीकडं न बघता.

शेवटी एका खळग्यात उतरलो. समोर नेटलात चक्कीची दोन दगडी जाती पडलेली, एक फुटलेलं. त्याच्या कडेला क्रूस कोरलेला आणि आजोबांच्या नावाचं अक्षर. तोमेनं ते बोटानं चाचपलं. चक्की आजोबांचीच होती, त्यात शंका नाही. पुढं ओढ्याची कोरडी जागा, पांढरे फटक दगड, आणि एक सरडा ऊन खात बसलेला. आमच्या या लिका भागात असले ओढे पुष्कळ. बर्फ वितळलं की वाहतात, उन्हाळा आला की भोकातनं जमिनीत उतरतात. तळी तिथनं दोन डोंगर पलीकडं.

तोमेनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, टोपी मागं सारली आणि म्हणाला, "पाणी सरकलेलं दिसतंय."

दिन्का दगडावर बसली. बूट काढला, त्यातला खडा झाडला, परत घातला. म्हणाली, "जावईबापू, दगड बघायला मी बोटीनं आले होय? दगड आमच्या दारात आहेत. आणि तिथं बसलं की समुद्र तरी दिसतो."

"वेळ चुकीची पडली," तोमे म्हणाला. "वसंतात या, मग बघा."

तेव्हा लुत्से पुढं आली. मला वाटलं रडेल. तिनं त्या जात्यावरचं अक्षर बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "आजोबांची चक्की हीच ना?"

"हीच. मी काय खोटं सांगत होतो?"

"दुसरी कुठली नव्हती?"

"एक काय कमी आहे?"

"मग तळ्यांचं पाणी आपलं नाही," लुत्से म्हणाली. "परक्याचं पाणी आहे. परक्याच्या पाण्याला तिकीट काढायला काय हरकत आहे?"

बाई गं. इतकी वर्षं तिच्या तोंडून एवढी वाक्यं सलग ऐकली नव्हती मी. तोमेनं टोपी परत पुढं ओढली. मग म्हणाला, आता गर्दी असेल, उद्याचा नीट बेत करू. दिन्का उठून चालायलाही लागली होती. "गाडीत बसून करा बेत," म्हणाली.

तिकीट दिन्कानं काढलं, तिघींचं. उन्हाळ्यात तिकिटावर जी वेळ असेल तेव्हाच आत सोडतात, म्हणून आम्ही बाकावर बसून बटाटे खाल्ले. तोमेला विचारलं. तो म्हणाला, मी गाडी राखतो. ती गाडी बघून चोरालाच दया आली असती.

नावेतनं गेलो. फळ्यांवरनं चाललो. लुत्से कठडा नसलेल्या जागी पाय जपून टाकत होती, आणि फळीखालनं पाणी जाताना दिसलं की थांबत होती. मग मोठा धबधबा आला. तुषार अंगावर यायला लागले. तिचा चष्मा ओला झाला, तिनं पुसला नाही. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं काही देवाबिवाचं म्हणेल. ती म्हणाली, "ताई, एवढं सगळं वायाच जातं गं?"

दिन्का म्हणाली, "आई असती तर खाली हंडा लावून बसली असती. आपल्याला घरी जायला उशीर झाला असता."

मग लुत्सेनं सांगून टाकलं. "ताई, मी इथं कधी आलेच नव्हते."

"माहीत आहे मला," दिन्का म्हणाली. "टेलिफोनवर तू दरवेळी त्याचेच शब्द सांगायचीस. आपल्या अंगणात उभा राहून बोलला होता ते. रात्रंदिवस पडतं, कुणी अडवत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेलं माणूस एकदा तरी वेगळं सांगतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू फोन ठेवला असतास."

दोघी तिथंच उभ्या राहिल्या, एकमेकींच्या दंडाला धरून. मागची माणसं पुढं जायला बघत होती, तर मी आडवी उभी राहिले. जातील मग, त्यांना काय घाई.

परत आलो तर तोमे गाडीला टेकून कुठल्याशा कुटुंबाला समजावत होता, आधी वरची तळी, मग नाव. आम्हाला बघून म्हणतो, "काय, मी सांगितलं होतं तसंच आहे ना?"

"नाही," लुत्से म्हणाली आणि मागच्या सीटवर बहिणीशेजारी जाऊन बसली.

त्यानंतर हा थांब्यावर काय सांगतो ठाऊक आहे? मीच बायकोला नेलं होतं, तिच्या बहिणीलाही नेलं, आजोबांच्या वाटेनं. माझ्यासमोर सांगतो, माझ्या चीजच्या टोपलीसमोर. आणि आता त्याचा नवा बेत आहे, ती जाती उचलून आणून अंगणात ठेवायची आणि परदेशी माणसांना दाखवायची, वर तिकीट लावून. लाजेला याच्या घरात खुर्चीच नाही.

लुत्से काल आली होती. बटाटे काढून झाले की बहिणीकडं जाते म्हणाली, बर्फ वितळेपर्यंत. तोमेला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर तो जाण्याचा बेत करून देईल आणि ती इथंच राहील. घरच्या टेलिफोनवर बोलली तर तो ऐकेल. म्हणून हे वाचणारं कुणी पाग बेटावर जाणार असेल, तर मिठागराच्या वरच्या अंगाला दिन्काचं घर विचारा आणि तिला एवढं सांगा: खाट एकच घाल, लुत्से एकटीच येतेय.