अस्सल आटवलेली बासुंदी

चिंचवडला आमच्या कॉलनीत शेजारी एक केमिस्ट राहायचे. जॅम-सॉसच्या कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे कुणाच्याही घरी पहिला घास तपासणीचाच घेत. रस्सा चमच्यातून सावकाश ओघळू देत आणि निकाल सांगत, "कॉर्नफ्लॉवर. आरारूट असतं तर पारदर्शक दिसलं असतं." एकदा आमच्याकडच्या खरवसाला टिचकी मारून माझ्या बायकोला म्हणाले, "हा चिकाचा नाही, वहिनी. चायना ग्रास! जिलेटीन निदान जिभेवर विरघळतं, हे चावावं लागतं." तिचा उतरलेला चेहरा त्यांना दिसलाच नाही.

त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी मदतीला होतो. बासुंदी त्यांनी स्वतः आटवलेली, निव्वळ दुधाची. मुलाच्या वडिलांनी वाटी कलती केली. "अहो, ही तर पातळ आहे. दूध फार महागलं का?"

मुलगी मान खाली घालून उभी होती. तिच्याकडे बघून केमिस्ट उठले. "जरा आटवून आणतो."

स्वयंपाकघरात त्यांनी कॉर्नफ्लॉवर थंड दुधात कालवलं आणि उकळत्या बासुंदीत सोडलं.

"आरारूट नको का?" मी विचारलं.

"दुधात बुळबुळीत होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसरी वाटी चाखून पाहुणे खूष झाले. "याला म्हणतात अस्सल आटवलेली! यात युक्ती काय हो?"

"युक्ती कसली," ते वाढता वाढता म्हणाले, "धीर धरावा लागतो."