नगरचा माग, बेलापूर रोडचा पाक

कारखाने पाहायला नगरला जातो म्हटल्यावर आमच्या वर्गात सगळे हसले. लोक महाबळेश्वरला जातात, हा निघाला नगरला! पण मी काही हौसेनं निघालो नव्हतो. मुंबईच्या कलाशाळेत माझा विषय कापडावरची नक्षी. त्यात नुसतं कागदावरचं चित्र चालत नाही. ते खऱ्या मागावर विणून आणून सरांपुढे ठेवावं लागतं. गेल्या वर्षी याच विषयात मी आपटलो होतो. यंदा येत्या सोमवारी नमुना दिला नाही किंवा बिघडलेला दिला, तर शाळेतून नाव कमी. म्हणून महिनाभर आधीच साडीच्या काठाचं चित्र चौकटींच्या कागदावर काढून नगरच्या एका विणकराकडे टपालानं पाठवलं होतं. कोयऱ्यांची रांग आणि मध्ये बारीक वेल. चित्रावर मी बेहद्द खूश होतो, हे कबूल करतो.

कुणी जाणार असाल तर पहाटेची गाडी धरा. दौंडला गाडी बदलावी लागते आणि पुढची कधी येईल ते स्टेशनमास्तरलाही ठाऊक नसतं, तेव्हा दशम्या बरोबर घ्या. नगर स्टेशनवर टांगेवाला आठ आणे सांगेल. तुम्ही चालायला लागलात की चार आण्यांवर येतो. उतरायला धर्मशाळा स्वच्छ आहे, फक्त कुलूप आपलं न्यावं.

बुधवारी संध्याकाळी विणकर राजय्यामामांकडे पोचलो. घर म्हणजे एक मोठी खोली, तिच्यात खड्डा खणून बसवलेला माग. मामा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आणि त्यांच्या पत्नी नरसूबाई भिंतीशी रहाटावर कांड्या भरत होत्या. मी मोठ्या ऐटीत मागावर वाकलो आणि गारच पडलो. जिथे कोयरी हवी तिथे मोकळं, जिथे मोकळं हवं तिथे सुट्या धाग्यांचं जाळं. वेलीचा पत्ताच नाही.

"कसं काय वाटतंय?" मामांनी विचारलं.

"छान," मी म्हणालो.

आता काय सांगू! चौकटी मोजताना मीच चुकलो असणार, असं मनानं घेतलं. कंट्रोलचे दिवस, सूत मिळता मिळत नाही. मामांनी स्वतःच्या वाट्यातलं सूत माझ्यासाठी बाजूला काढलं होतं. ते वाया गेलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "शनिवारी या, पुरं करून देतो," म्हणाले. मी मान हलवून सटकलो. खाणावळीत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली, लोक तिची तारीफ करत होते, मला तिची चव आठवत नाही.

गुरुवारी बेलापूर रोडला गेलो, कारण सरांची चिठ्ठी घेऊन साखर कारखाना पाहायचं आधीच ठरलं होतं. या गावाला आता श्रीरामपूर म्हणू लागलेत, पण गाडीत कुणालाही विचारा, बेलापूर रोडच म्हणतील. स्टेशनपासून कारखान्यापर्यंत उसाच्या गाड्यांच्या मागे मागे चालत गेलो. मळीचा वास आधी नकोसा होतो, तासाभरात सवय होते. शुक्रवारी सकाळी आत सोडलं. गव्हाणीत ऊस पडतो, पुढे चरकात चिरडला जातो, रस उकळतो, हे सगळं पाहिलं खरं, पण डोळ्यांपुढे ते जाळं.

पाकाच्या भल्यामोठ्या भांड्यापाशी गफूरभाई नावाचे कारागीर होते. ते मध्येच एक दांडी ओढून थोडासा पाक काढत, काचेच्या तुकड्यावर पसरत आणि उजेडाकडे धरून साखरेचा दाणा बघत.

"समोर तापमान दाखवणारे एवढे काटे आहेत की," मी म्हटलं.

"हायेत. पर काट्यात दाना दिसत न्हाई. काढूनच बघावं लागतं."

"आणि बिघडलेला दिसला तर?"

"तर लगी वरडून सांगायचं. गप बसलं तर फुडचा मानूस बी त्येच बिगाडतो."

ते साखरेबद्दलच बोलत होते. पण मला मात्र तो माग आठवला. मामा अजून विणत असतील, आणि मी गप्प बसल्यामुळे आणखी सूत त्यात जात असेल. मिळेल ती पहिली गाडी पकडली.

शनिवारी सकाळी मामांच्या दारात उभं राहून एका दमात सांगून टाकलं, "मामा, माझं चित्र चुकलंय. बुधवारीच दिसलं होतं, लाजेनं बोललो नाही. तुमचं सूत वाया घालवलं."

मामांनी हातातला धोटा खाली ठेवला. पत्नीला त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी सांगितलं. नरसूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग उठल्या, कोनाड्यातला कुंकवाचा आरसा आणला आणि मागावरच्या कापडाखाली धरला.

आरशात माझ्या कोयऱ्या होत्या. एकापाठोपाठ एक, टवटवीत, मध्ये वेल. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि वेड्यासारखा हसलो.

"सुलटी बाजू खाली आसती," मामा म्हणाले. "सुटं धागं वर ऱ्हायलं, की तुटल्यालं लगी दिसतं. तुमच्या शाळंत न्हाई सांगत?"

शाळेतल्या मागावर आम्ही सुलटंच विणतो, असं मी पुटपुटलो.

"चूक मातर हुतीच तुमची. वेलीपाशी धागा लई लांब सुटत हुता. नेसनारीच्या जोडव्यात आडाकला आसता. त्यो धराया मी मदी एक बारीक टिंब घातलं. न इचारता केलं, रागवू नगा."

रागावतो कसला! मी त्यांच्यासमोरच चित्राची नक्कल काढली, ते टिंब लाल शाईनं भरलं. नरसूबाईंनी ताटात पिठलं-भाकरी वाढली, आणि या भाकरीची चव मला चांगली आठवते.

पुरा झालेला नमुना घेऊन रविवारी दादरला घरी पोचलो. सोमवारी सरांनी नकलेतल्या लाल टिंबावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणाचं?" मी राजय्यामामांचं नाव सांगितलं. त्यांनी नमुना ठेवून घेतला आणि पास म्हणून सही केली. परतताना पावलं हलकी पडत होती, सांगतो.

नमुना परत मिळाल्यावर आईला दाखवला. तिनं कोयऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी कापड उलटं केलं, नखानं सुटे धागे चाचपले आणि म्हणाली, "बरं आहे. पायात अडकणार नाही."

"तू उलटी बाजू का बघतेस?"

"साडी घेताना आम्ही आधी तीच बघतो. जन्मभर बघतेय."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली. गेल्या वर्षीचा नापास झालेला नमुना मी तिला दाखवलाच नव्हता.