तिसऱ्यांदा लावलेली पाकळी

माझ्या डाव्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांचे चार वण आहेत. घरी पाहुणा आला आणि गप्पा देवाधर्मावर गेल्या की बाबा मला हाक मारत, "इकडे ये गो, पाय दाखय," म्हणत. मी परकर वर करून पाय दाखवायची. पाहुणा वाकून बघायचा, मान डोलवायचा आणि बाबांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखे समाधान पसरायचे. त्या समाधानाची मला आजही चीड येते.

बाबा आमच्या गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. गाव पेडणे तालुक्यात, हळर्णच्या बाजूला. शाळेत ते विज्ञानही शिकवत. कुत्रा चावला तर जखम साबणाने भरपूर धुवावी, इस्पितळ गाठावे आणि शक्य असेल तर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, हे त्यांनी आमच्या वर्गाकडून घोकून घेतले होते. मला ते धडाधड पाठ होते. त्यांनाही होते, यात मला शंका नाही.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सगळा गोवा तापला होता. घरात जो तो तीच एक बोली बोलत होता आणि बाहेर पडून तिचे नाव काय, यावर एकमेकांची डोकी फोडायला निघाला होता. बाबा मराठीच्या बाजूचे. सभेत ते उभे राहिले की समोरच्याला हमखास विचारायचे, "पुरावा काय?" जुने कागद, देवळातल्या पोथ्या, शाळांचे आकडे, सगळे त्यांच्या जिभेवर. पुराव्याशिवाय त्यांनी कोणाचे कधी काही ऐकून घेतले नाही. म्हणजे असे आम्हा सगळ्यांना वाटायचे.

मी बारा वर्षांची होते. सकाळी दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे धावले, पाव घेतले आणि वळले, तेव्हा एका मोकाट कुत्र्याने पोटरी धरली. हातातले पाव मातीत पडले. कुत्र्याला ते हवे होते की तो पिसाळला होता, कोण सांगणार? सांगू शकला असता फक्त तो कुत्रा, दहा दिवस आमच्या डोळ्यांसमोर जगून. पण गावाने पहिले काम काय केले, तर दगड मारमारून त्याला नदीपर्यंत पळवले. दुसरे काम केले ते माझ्या जखमेत मिरचीपूड भरण्याचे. साबणाची वडी न्हाणीत होती, आमच्यापासून दहा पावलांवर.

आई म्हणाली, "म्हापशाक व्हरूया." तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि ती म्हापशाला मिळत. बाबा म्हणाले, "रस्तो बंद आसा." ते खोटे नव्हते. ठिकठिकाणी झाडे तोडून रस्त्यावर आडवी टाकली होती, बस फिरकत नव्हती. पण तिठ्यावर एक पायलट होता, मोटारसायकलवर मागे बसवून भाडी मारणारा. तो आपणहून घरी आला आणि म्हणाला, "मास्तर, भितल्ल्या वाटेन व्हरतंय हांव. तुमी फाटल्यान चेडवाक धरून बसा." बाबांनी त्याला सांगितले, "बघूया." मग त्यांनी सदरा चढवला. मला वाटले, निघालो. आम्ही देवळात गेलो.

आमच्याकडे कोणतीही अडचण आली की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घराचा पाया, म्हशीचे दुखणे, सगळे त्या पाकळ्यांवर. मी या प्रथेची टिंगल करणार नाही. चार माणसे एका जागी बसतात, प्रश्न मोठ्याने आणि स्पष्ट मांडावा लागतो, पाकळी पडेपर्यंत गप्प राहावे लागते. आजकालच्या कितीतरी बैठकांत एवढेही होत नाही.

मी सभामंडपात खांबाला टेकून बसले होते. पायात आग आग होत होती. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक कुत्रो चावलो हा. तेका इस्पितळात व्हरूची गरज आसात तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबाही म्हणाले.

पाकळी पडायला फार वेळ लागला नाही. उजवी पडली. मी पाहिली, सगळ्यांनी पाहिली. गुरव वळून म्हणाला, "देवान दिला. उठा मास्तर, चेडवाक घेवन जावा."

मी उठलेसुद्धा. पण बाबा बसून राहिले. ते म्हणाले, रस्ता बंद आहे हे देवाच्या कानावर घातलेच नाही, मग प्रश्न पुरा कसा झाला? बाजूला बसलेल्या दोन वडीलधाऱ्यांनी लगेच माना हलवल्या, मास्तरचे म्हणणे बरोबर आहे म्हणून. पाकळ्या पुन्हा लागल्या. रस्त्यावर धोका आहे, तरी आजच जावे काय? बराच वेळ झाला आणि मग उजवीच पडली.

आता तरी? छे! आता बाबांना आठवले की देवापुढे गावच्या औषधाचा विषयच निघाला नाही. गुरवाने हातातल्या पाकळ्या खाली ठेवल्या. त्याला शाळा माहीत नव्हती, सही करतानाही अंगठाच पुढे यायचा. तो म्हणाला, "मास्तर, देवाक किती फावट इचारतलास?" बाबा म्हणाले, "एकदाच. शेवटचा." तिसऱ्यांदा गाऱ्हाणे पडले. गावच्या वैद्याच्या मुळीने गुण येणार असेल तर उजवी दे. आणि तिसऱ्यांदाही उजवी पडली.

झाले! सगळ्यांचे चेहरे खुलले. वैद्याने कसलीशी मुळी उगाळून गुळातून दिली, आंबट आणि तेल बंद केले. पायलट बिचारा देवळाबाहेर ताटकळत होता, त्याला परत पाठवले.

आणि मी मेले नाही. कारण अगदी साधे होते, मला चावलेला कुत्रा पिसाळलेला नव्हता. पण ते कोणाला कळायला मार्ग नव्हता, आणि बाबांना तर नव्हताच. अंधारात विहिरीच्या काठावरून चालत गेलेला माणूस पलीकडे पोचला म्हणून तो मोठा वाटाड्या ठरत नाही. आमच्या घरात मात्र बाबा वाटाडे ठरले. गोष्ट सांगताना पहिल्या दोन पाकळ्या हळूहळू गळाल्या, तिसरी तेवढी राहिली. "देवान उजवी दिली, आमी आयकलां, चेडू बरें जालां." पाच-सहा वर्षांत ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की त्या दिवशी देवळात हजर असलेले लोकही तशीच सांगू लागले.

त्यात एक गोष्ट कधी सांगितली जायची नाही. मला कुत्रा चावल्यानंतर चौथ्या दिवशी म्हापशाला मराठीवाल्यांची बैठक होती. झाडे रस्त्यावर होती तशीच होती. बाबा त्याच पायलटच्या मागे बसून, त्याच आतल्या वाटेने बैठकीला गेले आणि दिवेलागणीच्या आत सुखरूप परत आले. मी ओसरीवर पाय लांब करून बसले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, "बरें मगे?" तेव्हा मला राग आला नाही. बारा वर्षांच्या मुलीला बाप परत आला याचाच आनंद होतो. राग नंतर आला, आणि आला तो कायमचा मुक्कामाला.

गोवा घटकराज्य झाले. कोंकणी राजभाषा झाली, बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. मी म्हापशाला विज्ञान शाखेत शिकू लागले आणि रेबीजचे पान वाचले. एकदा लक्षणे दिसली की उपाय नाही, असे तिथे लिहिले होते. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सरळ विचारले, "तो कुत्रा पिसाळलेला असता तर?"

"नासलो मगे," नव्हता ना, असे ते सहज म्हणाले.

"पण तुम्हांला माहीत होते?"

"देवाक म्हायत आसलां."

"देवाने तर दोनदा जा म्हणून सांगितले होते."

बाबा माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी काहीतरी अभद्र बोलले. मग आईला म्हणाले, "पळय, शाणी जाली तुजी धूव. जिवंत आसा म्हणून वाद घालता." आई हसली नाही, पण माझी बाजूही घेतली नाही. मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिला. घरात राहायचे तर दुसरे काय करणार?

मामा आला तो त्यानंतरच्या वर्षी. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. डिचोलीकडे खाणीवर टिप्पर चालवायचा. आला की आमच्याकडे सण. धुळीने भुवयासुद्धा तांबड्या झालेल्या, आणि बोलणे सगळे थट्टेचे. त्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला फडके होते. खाणीवरच्या शेडजवळ कुत्र्याचे पिल्लू होते, त्याला भाकरी घालताना ते चावले. चार दिवस झाले होते. पिल्लू कुठे आहे, असे मी विचारले तर म्हणाला, "मेलां मगे दुसऱ्या दिसा. टिपराखाला गावला आसतला."

आसतला. म्हणजे असेल.  मी म्हणाले, "मामा, इंजेक्शने घ्यायला हवीत." तो म्हणाला, इथून म्हापशालाच जायचा विचार आहे, म्हणून तर सुट्टी टाकली.

एवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांनी फडके सोडून जखम बघितली, "इतकीच?" म्हणाले आणि गोष्ट सुरू केली. पोदेर, मिरची, देऊळ, उजवी पाकळी. शेवटी ठरल्याप्रमाणे मला हाक मारली. "पाय दाखय गो मामाक."

मी काय करायला हवे होते ते मला ठाऊक होते. रेबीजचे अख्खे पान मला पाठ होते. मी ओरडायला हवे होते, मामाला दंडाला धरून बाहेर ओढत न्यायला हवे होते. पण गाडीची चावी हातात घेऊन उभ्या मामाने डोळे मिचकावून म्हटले, "काय गो भाचये, भुंकलंस काय नाय मागिर?" आणि मला हसू आले. मी परकर वर केला, पाय पुढे केला आणि हसत म्हणाले, "अजून तरी नाही." सगळे हसले. घरातला चमत्कार असण्याची मला सवय झाली होती, आणि मामासमोर तो व्हायला मला आवडले, हे आज कबूल करायला हवे. नंतर मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तेव्हा मामा सोप्यावर पाय पसरून पान जुळवत बसला होता.

दोन महिन्यांनी तो गेला. पाणी बघून घाबरत होता, एवढेच इथे लिहिते, जास्त लिहवत नाही.

बाराव्याला जमलेल्या माणसांत कोणीतरी म्हणाले, "भाचयेचें नशीब बरें, मामाचें वायट." बाबांनी मान हलवली. तिथे मात्र माझा तोल गेला. भरल्या घरात मी बाबांना म्हणाले, की नशिबाला नावे ठेवू नका, दोन्ही वेळा तुम्ही एकच चूक केलीत. एकदा कुत्रा बरा निघाला आणि तुम्ही त्याचे बक्षीस घेतलेत, ते मिरवत मिरवत मामापर्यंत आणलेत. त्या दिवशी देवळात दोन पाकळ्या उजव्या पडल्या होत्या, हे मी सगळ्यांना सांगितले. पायलटचेही सांगितले, म्हापशाच्या बैठकीचेही. बाबांनी एकदाही पुरावा मागितला नाही. ते उठून अंगणात गेले आणि पाठ करून उभे राहिले. मला बरे वाटले. खरे सांगते, खूप बरे वाटले.

मग मामी माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझा हात हातात घेऊन ती हळू बोलत होती, रागाचा त्यात मागमूस नव्हता. मी तिच्या बाजूने बोलले म्हणून ती आली, असेच मला वाटले.

"भावोजींक कित्याक बोलतंस गो?" ती म्हणाली. "तेंचा ह्येंनी कधी आयकला? हे म्हापशाक जावक उठलले, गाडीची चावी हातात घेतलली. तुका हसताना बघल्यानी आनी परत बसले. घराक येवन माका म्हणाले, भाची सायन्साक आसा, सगळा शिकता, ती हसता मगे, माका कसला भय?"