विलासच्या टाकीतले मासे

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी वांद्र्याच्या एका थंडगार सभागृहात 'उद्योग आणि पर्यावरण' या विषयावर भाषण ठोकत होतो. मागे पडद्यावर काचेची एक टाकी, टाकीत रंगीत गप्पी मासे, आणि मी सांगत होतो की आमच्या कंपनीला माल पुरवणारे छोटे कारखानदारसुद्धा पाणी कसं स्वच्छ करूनच गटारात सोडतात. टाळ्या पडल्या. फोटो विलासच्या कारखान्यातला होता. तो कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं होतं, आणि बंद पाडणारा मीच होतो. बाहेर येऊन चहा घेताना खिशातला फोन काढला, तर वहिनींचे, म्हणजे विलासच्या बायकोचे, सात मिस्ड कॉल...

आम्ही दोघं घाटकोपरच्या एकाच चाळीतले. मी शिकून कंपनीत चिकटलो, विलासने मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेऊन प्लेटिंगचं काम सुरू केलं. नळाच्या तोट्या, गाड्यांचे सुटे भाग, सगळ्याला निकेल-क्रोमची चकाकी द्यायची. चकाकी झकास, पण मागे उरतं ते पाणी विषारी. आजूबाजूचे लोक दिवस मावळला की ते पाणी सरळ नाल्यात सोडत. विलासने ते शुद्ध करणारं यंत्र बसवलं आणि यंत्रातून निघालेलं पाणी काचेच्या टाकीत भरून त्यात मासे सोडले. "रिपोर्ट काय, विकत मिळतो रे. मासा विकला जात नाही," असं तो येईल त्याला ऐकवायचा. मित्र म्हणून तो असह्य होता, हे आज लपवत नाही. माझ्या घरी जेवायला आला तरी आधी मोरीत कुठला साबण आहे ते बघून यायचा. ॲसिडच्या वाफांनी त्याचं नाक कामातून गेलं होतं. फोडणी करपली तरी त्याला पत्ता लागत नसे, आणि गप्पा मात्र हवा शुद्ध ठेवण्याच्या.

मग आमच्या कंपनीलाही पर्यावरणाचा पुळका आला. तपासणीत पास होईल त्याच्याकडूनच माल घ्यायचा असं ठरलं, आणि तपासणी पथकात माझी वर्णी लागली. विलासच्या टाकीची कीर्ती पसरली होती, त्यामुळे इस्टेटमधल्या सगळ्यांनी रातोरात टाक्या आणल्या. बाटलीबंद पाणी, त्यात बाजारातले मासे. मला धास्ती वाटली. यांचे मासे नाचतील आणि ह्या शहाण्याचा एखादा नेमका उद्याच मरेल. आदल्या दुपारी विलास माल पोचवायला गेला होता तेव्हा मी वहिनींना फोन केला. कारखान्यातलं पॅकिंग त्याच बघायच्या.

"वहिनी, उद्यापुरतं टाकीत नळाचं पाणी भरा. त्याला सांगू नका."

"भावोजी, ह्यांना कळलं तर माझी वाट लागेल."

"काही कळत नाही. पाणी पाण्यासारखंच दिसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा अकराच्या अकरा मासे पोट वर करून तरंगत होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला विलास टाकीपुढे उभा होता. मासे म्हातारे होते, लाइट गेली होती, काहीही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "साहेब, पाणी माझंच आहे. कुठेतरी चुकलंय माझं." वहिनी पॅकिंगच्या टेबलामागे पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. मी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात 'मासे मृत' असं लिहिलं.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात विचारलं. दुकानदार हसला. "थेट नळाचं भरलं काय? औषध असतं ना काका त्यात, मरणारच. एक दिवस उघडं ठेवायला लागतं." म्हणजे विलासच्या कारखान्याच्या सांडपाण्यात जे दोन वर्षं सुखाने जगले, ते आम्ही प्यायच्या पाण्यात मारले. वहिनींना लगेच फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून झालंय, माझ्याने सांगवणार नाही. तुम्ही सांगा त्यांना." मी म्हटलं, सांगतो.

सांगितलं नाही. तपासणाऱ्यानेच आदल्या दिवशी फोन केला होता हे उघडं पडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. नोकरी राहिली. पुढे बढतीही मिळाली, तीही पर्यावरण विभागात. आमचं काम शेजारच्या गाळ्यातल्याला गेलं. तो अजूनही नाल्यातच सोडतो आणि त्याचे मासे ठणठणीत आहेत. विलासने मात्र दोष सापडेपर्यंत काम घ्यायचं नाही असं ठरवलं. पाण्याच्या प्रत्येक चाचणीत पाणी चोख निघे, आणि तो म्हणे, "चाचणीला दिसत नाही असं काहीतरी आहे. मासे उगाच मरत नाहीत." टाक्या खरवडल्या, पाइप खोलले, रोज नमुने घेऊन घरच्या खिडकीत बाटल्यांची रांग लावली. सहा कामगार एकेक करून दुसरीकडे लागले. शेवटी गाळाही गेला, बाटल्या राहिल्या.

फुप्फुसं निकामी होत आली तेव्हा हॉस्पिटलात भेटायला गेलो. आज सांगायचंच असं ठरवून वहिनींना बाहेर पाठवलं, दार लावलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "तुला काय वाटतं रे... काय चुकलं असेल माझं?"

"पंप असेल," मी म्हणालो. "जुना झाला होता."

"हां... पंपच," तो म्हणाला, आणि उशाखालून कागद काढून पंपाची आकृती काढायला लागला. तिसऱ्या दिवशी गेला.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. खिडकीत बाटल्या तशाच होत्या, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात तारीख आणि वेळ. वहिनींनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच विचारलं, "भावोजी, त्या दिवशी दार लावून बसलात तेव्हा सांगितलंत ना ह्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, म्हणजे माझं पाणी चांगलं होतं तर."

वहिनी ओट्याला टेकून रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट रडल्या असाव्यात. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता ह्या बाटल्या काढायला हरकत नाही." त्या एकेक बाटली मोरीत रिकामी करत गेल्या आणि मी एकेक त्यांच्या हातात देत गेलो. खिडकी मोकळी झाली. त्यानंतर त्यांना झोप लागायला लागली असं त्यांची मुलगी सांगते.

हे लिहू नये असं बायको म्हणाली. निदान त्या बाईला तरी सुखाने राहू दे, म्हणाली. तिचं खरंच आहे. पण दुसऱ्यांसाठी खोटं बोलून सगळं सोपं करायचं काम मी फार केलं, आणि त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. वहिनी दर रविवारी ही पुरवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे.

वहिनी, मी त्याला सांगितलं नव्हतं. तो पंप शोधतच गेला.