आमदारांच्या यादीतलं आमचं घर

आमदारांच्या मुलानं वडिलांच्या निवडणुकांचे जुने कागद आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला फुकट देऊन टाकले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लातूरहून पाच गोण्या नांदेडला आल्या. कागद जुने, सुतळी मात्र कोरी करकरीत. म्हटलं, बाई गं, हे आधी कुणीतरी उपसलंय! मी तिथं नोकरीला, त्यामुळं कागद लावायचं काम माझ्याकडंच आलं. माझं माहेर अहमदपूरकडचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोण्या माझ्या हाती लागल्या नसत्या.

माझे वडील याच आमदारांचे गावातले कार्यकर्ते. तेव्हा लातूर नवा जिल्हा झालेला, वर दुष्काळ, आणि त्यातच निवडणूक. मतदार यादीत प्रत्येक नावापुढं खूण करून ती लातूरच्या कचेरीत द्यायची रीत होती. आपला असेल तर उभी रेघ, विरोधकाचा असेल तर फुली, भरवसा नसेल तर गोल. सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची. आमदार निवडून आले, पण आमच्या गावात मतं कमी पडली. गावातच राहणारे माझे मामा विरोधकांचे. झालं! 'सासुरवाडीला पाठीशी घालायला यानं खोट्या रेघा मारल्या,' असा बोभाटा झाला. वडील फितूर ठरले. पाण्याचा टँकर आमच्या गल्लीच्या तोंडावरून माघारी वळायला लागला. आई लांबून पाणी आणायची आणि वाटेत भेटेल त्याला ठणकावायची, "माझा माणूस खोटं लिव्हणारा न्हाई!" वडील घरात तोंड मिटून बसायचे. तो डाग घेऊनच ते गेले.

आता आई माझ्याकडं नांदेडला असते. रोज दारातच विचारायची, "घावली का यादी?"

तिसऱ्या गोणीत घावली. एकही पान गहाळ नाही, मला तर तेही खटकलं. पण अक्षर वडिलांचंच, खाली सही. मामांच्या घरापुढं सरळ सात फुल्या. कचेरीतल्या मेल्यांनी यादी उघडून बघितलीच नव्हती! मी टेबलावर हात आपटला आणि मला रडूच फुटलं.

मग आमचं घर पाहिलं. आजोबा, रेघ. आजी, रेघ. वडील, रेघ. त्याखाली आई. गोल, दोनदा गिरवलेला. खरं सांगते, क्षणभर मलाही आईचा संशय आला आणि माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी त्या पानाची झेरॉक्स घरी नेली. म्हटलं, "आई, यादी खरी निघाली. बाबांनी एक खूण खोटी केली नाही."

"म्या म्हनलं न्हवतं?" तिनं डोळ्याला पदर लावला. तिला वाचता येत नाही. कागद उलटसुलट करत म्हणाली, "माझ्या नावाम्होरची रेघ कुठली, दाव की."

मी तिचं बोट धरलं आणि आजीच्या रेघेवर ठेवलं.