मोर्चातल्या दुआत भारद्वाज गोत्र

दत्तगुरूंवर मी रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. ह्यांना हार्ट अटॅक आला, आयसीयूत बेशुद्ध पडून होते, आणि इथे अमेरिकेत, हर्नडनच्या ज्या दत्तमंडळात मी इतकी वर्षं गुरुवारची आरती केली, प्रसादाचा शिरा ढवळला, तिथलं एक माणूस हॉस्पिटलात फिरकलं नाही. व्हॉट्सॲपवर मात्र हात जोडलेल्यांची रांग. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. महाराजांना म्हटलं, तुमचीच माणसं ना ही?

माझ्याजवळ बसली होती ती शेजारची नूर. मूळची मलेशियाची. शनिवारी संध्याकाळी तिला आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे क्वालालंपूरला रविवारची सकाळ होती आणि आई पॅलेस्टाईनसाठी निघालेल्या मोर्चात उभी होती. मागे झेंडे, माणसंच माणसं. गाझातल्या जखमी मुलांसाठी दुआ सुरू होणार होती. नूर आईशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली आणि फोन माझ्यासमोर धरला.

"आंटी, मॉम विचारतेय, पेशंटचं नाव काय?"

मी हात जोडले आणि अभिषेकाला गुरुजींना सांगतो तसं सवयीनं सांगून गेले, "सुहास, भारद्वाज गोत्र." त्या माउलीला गोत्र काय ठाऊक! आडनाव समजली असेल. पण तिनं दोन्ही शब्द जपून उच्चारले आणि शेजारच्या बायकांनाही सांगितले. त्यांनी हात पसरले. मी तिथेच ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. पुढे मंडळानं अनुभव सांगायला बोलावलं. आमची सेक्रेटरी म्हणाली, "काकू, छान सांगा हं, फक्त ते रॅलीचं स्किप करा. बरेच जण व्हिसावर आहेत, पॅलेस्टाईनचं नाव आलं की इथे व्हिसा धोक्यात, उगाच प्रॉब्लेम नको. एक अनोळखी बाई म्हणा ना."

"मग माझा अनुभवच कॅन्सल कर," मी म्हटलं. तिनं केलाही.

ह्यांना कुणी वाचवलं, हे मी ठरवणार नाही. देणाऱ्यानं कुणाच्याही हातून द्यावं, आपण ओंजळ धरावी, इतकंच शिकले. नूरचे, तिच्या आईचे, त्या बायकांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. तरी दिवा लावताना जीव कडू होतो. ती माणसं रस्त्यावर आली होती दुसऱ्याच लेकरांसाठी. माझ्या माणसाचं नाव त्यांनी वाटेत घेतलं. माझा माणूस घरी आला. त्या लेकरांचं काय, असं मी रोज महाराजांना विचारते. आणि समोरून उठत नाही.