दाजींच्या हातातलं शून्य

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. माझं कामच मापाचं आहे — नांदेडला एका लॅबमध्ये मी विजेच्या मीटरांचं कॅलिब्रेशन करते. म्हणजे आमच्या मशीनमधून नेमके २३० व्होल्ट द्यायचे आणि आलेलं मीटर तेवढेच दाखवतं का ते बघायचं. दाखवले तर पास, नाहीतर रिजेक्ट.

तीन वर्षांपूर्वी आमचे दाजी — अक्काचे मिस्टर, भोकरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन — भरदुपारी तारेत वीज आहे का ते बघायचं स्वतःचं मीटर घेऊन लॅबमध्ये आले.

"मेहुणबाई, हे येडं झालंय बघ. लाइन चालू अन् हे झिरो दाखवून राहिलं. वरचा बल्ब जळत होता म्हणून वाचलो, न्हाईतर तुझी अक्का आज रडत बसली असती."

मी तपासलं. २३०. पुन्हा तपासलं, तेच. "मीटर ठणठणीत आहे दाजी, डोळे तपासून घ्या," मी म्हटलं. ते चिडले, माझ्या हातातून प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, घेतले आणि मशीनच्या त्याच टर्मिनलला लावले... शून्य!

मी हट्टाला पेटले. नवे सेल टाकले, वायरी बदलल्या, दाजींना रबरी हातमोजे घालायला लावले. शेवटी लॅबचं मास्टर मीटर दिलं, ज्याला आम्ही कुणाला हात लावू देत नाही. त्यांच्या हातात शून्य, माझ्या हातात २३०. आमच्या साहेबांनीही प्रोब लावून बघितले, त्यांच्याही हातात २३०. मला वेगळीच भीती वाटली. मीटर झिरो दाखवतं तेव्हाच तर वायरमन तारेला हात घालतो!

"दाजी, आजपासून तुम्ही रिजेक्ट," मी सांगून टाकलं.

घरी रणकंदन झालं. "सारी उमर लाइनवर गेली, अन् आता काय काट्यावर बसू?" दाजी ओरडले. पण मी जिनिंगच्या मालकाला गाठून त्यांना खरंच वजनकाट्यावर बसवलं. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तरी मीटरांची असते तशी दरवर्षी मी त्यांची तपासणी घेते. पहिली दोन वर्षं शून्यच आलं.

यंदा प्रोब लावले आणि... २३०! पुन्हा पुन्हा लावले, मीटर बदलून लावले, दर वेळी बरोबर. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालो ना पास? सांग मालकाला, उद्यापासून लाइनवर येऊन राहिलो म्हणून."

मलाही भरून आलं. काट्यावर बसून त्या हौशी माणसाचा चेहरा किती उतरला होता, ते मी बघत होते. पण काही दुरुस्ती न करता आपोआप बरोबर दाखवायला लागलेलं मीटर मी कधीच पास करत नाही. आधी का बिघडलं होतं, ते कळावं लागतं. साहेबांना विचारून झालं, डॉक्टर झाले, अक्का तर माहूरला देवीला जाऊन आली. कुणालाच काही सांगता आलं नाही.

"नाही दाजी," मी म्हटलं.

"अगं पण आता समदं बरोबर हाय की! मंग काऊन न्हाई?"

"तेव्हा का चुकत होतं, ते सापडेल त्या दिवशी पास."

अजून सापडलेलं नाही. दाजी काट्यावरच आहेत.